जुन्या मोटारसायकलीचे दुखणे

वैद्यकशास्त्रात निदानाची पायरी उपचाराच्या आधी येते. रोग ओळखल्यावाचून दिलेले औषध क्वचित गुण देते. पुष्कळदा ते नवे दुखणे मात्र उत्पन्न करते. यंत्रांच्या बाबतीतही हाच न्याय लागू आहे. परंतु यंत्राला जीव नाही, ते काही बोलत नाही, या समजुतीमुळे त्याच्यावर उपचार करताना आपण निदानाची पायरी सहज गाळतो. गाडी नीट चालत नाही, बदला प्लग; तरी चालत नाही, बदला कार्ब्युरेटर; तरीही नाही, तर उघडा इंजिन, अशा क्रमाने काम चालते आणि शेवटी दोष कोठे होता हे कोणालाच कळत नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार होय. वास्तविक यंत्र मुके नसते. आवाज, धूर, वास आणि उष्णता या त्याच्या चार वाणी आहेत, आणि त्यांच्या द्वारे ते आपले दुखणे सांगतच असते. ऐकणाऱ्याला ती भाषा आली पाहिजे, एवढेच. आज या भाषेचा परिचय एका विशिष्ट यंत्राच्या निमित्ताने करून देण्याचा विचार आहे. ते यंत्र म्हणजे जुन्या मोटारसायकलीचे टू-स्ट्रोक, म्हणजे दोन आघातांचे, इंजिन.

हे यंत्र चालते-बोलते पाहावयाचे असेल, तर बेंगळुरूसारखे दुसरे शहर क्वचितच सापडेल. या शहरापासून सुमारे दीडशे किलोमीटरवर म्हैसूर येथे रुस्तम इराणी व फारुख इराणी यांनी काढलेल्या ‘आयडियल जावा’ या कारखान्यात १९६१ साली मोटारसायकली तयार होऊ लागल्या. मूळ यंत्र चेकोस्लोव्हाकियातील जावा कंपनीचे. १९७३ पासून म्हैसूरच्या गाड्यांवर ‘येझदी’ हे नाव आले, १९७८ साली ‘रोडकिंग’ आली, आणि १९९६ साली कारखाना बंद पडला. अडीचशे सी.सी.चा एकच सिलेंडर, पण त्याला जोडलेले दोन सायलेन्सर, आणि किक मारण्याचा दांडाच पुढे वळवून गिअर टाकण्याचा दांडा होतो ही गमतीची रचना, यांमुळे ही गाडी पाहणाऱ्याच्या ध्यानात राहत असे. बेंगळुरूत दरवर्षी जुलै महिन्याच्या दुसऱ्या रविवारी या गाड्यांचे मालक एकत्र जमून जावा दिन साजरा करतात. येथील जे.सी. रोड सुट्या भागांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध आहे, आणि शिवाजीनगरच्या गुजरी बाजारात जुन्या लोखंडाच्या ढिगातून हवा तो भाग हुडकून काढणारे जाणते लोक आजही भेटतात. तथापि हा विषय एका शहरापुरता नाही. आकुर्डीच्या कारखान्यातून आलेली जुनी चेतक स्कूटर, खेड्यापाड्यांतून धावलेली राजदूत, किंवा १९८५ साली आलेली यामाहा आरएक्स १०० ज्यांच्या घरी अजून आहे, त्यांनाही यातील बहुतेक विवेचन लागू पडेल.

२०१८ साली जावा आणि २०२२ साली येझदी ही नावे भारतात पुन्हा बाजारात आली. परंतु त्या नव्या गाड्यांची इंजिने चार आघातांची आहेत. म्हणजे जुन्या इंजिनांची संख्या आता वाढणार नाही. ती कमीच होत जाणार. जावाचा बिडाचा सिलेंडर एकदा ओरखडला की तो आतून घासून मोठा करावा लागतो आणि त्यात मोठ्या मापाचा पिस्टन बसवावा लागतो. असे मोजक्याच वेळा करता येते. धातू काढता येतो, परत घालता येत नाही. म्हणून या यंत्राच्या बाबतीत चुकीच्या अंदाजाची किंमत पैशांत मोजून पुरी होत नाही. दर चुकीबरोबर त्याचे आयुष्यच तेवढे कमी होते.

निदानाकडे वळण्यापूर्वी यंत्राची प्रकृती समजून घेतली पाहिजे. चार आघातांच्या इंजिनात हवा-पेट्रोलचे मिश्रण आत घेणे, दाबणे, जाळणे आणि धूर बाहेर टाकणे ही चार कामे पिस्टनच्या चार फेऱ्यांत स्वतंत्रपणे होतात, आणि त्यासाठी झडपा असतात. दोन आघातांच्या इंजिनाला अशा झडपाच नसतात. सिलेंडरच्या भिंतीत काही खिडक्या ठेवलेल्या असतात, आणि वरखाली होणारा पिस्टनच त्या उघडतो व झाकतो. पिस्टन वर जातो तेव्हा त्याच्या डोक्यावरचे मिश्रण दाबले जाते, आणि त्याच वेळी त्याच्या पायाखाली, क्रँककेसमध्ये, पोकळी उत्पन्न होऊन कार्ब्युरेटरमधून ताजे मिश्रण ओढले जाते. ठिणगी पडून स्फोट झाला की पिस्टन खाली येतो. आधी धुराची खिडकी उघडते, मग दुसऱ्या खिडक्यांतून क्रँककेसमधले ताजे मिश्रण वर उसळते आणि उरलासुरला धूर पुढे ढकलून बाहेर काढते. याप्रमाणे क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट होतो. मिनिटाला तीन हजार फेरे असतील, तर सेकंदाला पन्नास स्फोट झाले.

या रचनेतून तीन गोष्टी निघतात, आणि टू-स्ट्रोकचे सारे निदान या तिहींवर उभे आहे. पहिली ही की, क्रँककेस हे या इंजिनाचे फुप्फुस आहे. त्याला सुईएवढे छिद्र पडले तरी श्वास बिघडतो. दुसरी ही की, क्रँकला आणि पिस्टनला लागणारे तेल पेट्रोलमध्ये मिसळूनच आत जाते. म्हणून पेट्रोल कमी पडले की तेलही कमी पडते. तिसरी ही की, धूर बाहेर जाण्याची वाट हीसुद्धा श्वसनाचाच भाग आहे; सायलेन्सर तुंबला की गाडीचा जीव घुसमटतो.

आता निदानाची रीत पाहू. वैद्य जसा आधी रोग्याला विचारतो, तसे गाडीबद्दल आधी प्रश्न विचारावे. पान्याला मागाहून हात घालावा. गाडी सुरूच होत नाही, की सुरू होऊन बंद पडते? थंड असताना त्रास देते, की तापल्यावर? सावकाश चालवताना अडखळते, की पूर्ण वेगात? दोष हळूहळू वाढत गेला, की एकाएकी उद्भवला? आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हा की, दोष दिसू लागण्यापूर्वी गाडीला कोणी काय केले होते? हळूहळू येणारा दोष बहुधा झिजण्याचा किंवा काजळीचा असतो. एकाएकी येणारा दोष तुटण्याचा, सुटण्याचा किंवा कचऱ्याचा असतो. एवढ्या चौकशीनेच निम्मे संशयित निर्दोष सुटतात.

इंजिन चालण्यास योग्य वेळी पडणारी सशक्त ठिणगी, योग्य प्रमाणातले मिश्रण आणि पुरेसा दाब या तीन गोष्टी लागतात. यांतील ठिणगीची परीक्षा सर्वांत सोपी, म्हणून ती प्रथम करावी. प्लग काढून, तो वायरला जोडून, त्याचे धातूचे अंग इंजिनाला टेकवून किक मारली असता ठिणगी दिसते; मात्र प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते, म्हणून प्लग त्या भोकापासून दूर धरावा. ठिणगी निळसर आणि टणत्कार करणारी असावी. ती पिवळट, बारीक किंवा चुकत-माकत येणारी असेल, तर पॉइंट पाहावे. पॉइंटमधील अंतर जावा-येझदीत साधारण ०.४ मिलिमीटर ठेवतात. पॉइंटची तोंडे जळून काळी पडली असतील आणि इंजिन चालताना तेथेच ठिणग्या उडत असतील, तर कंडेन्सरवर संशय घ्यावा.

या ठिकाणी एक सूक्ष्म गोष्ट सांगण्यासारखी आहे. जावाच्या इंजिनात पॉइंट उघडणारा उंचवटा थेट क्रँकच्या टोकाशी बसवलेला असतो. क्रँकचे बेअरिंग झिजले की ते टोक डुलू लागते, आणि मग अंतर कितीही काळजीपूर्वक लावले तरी टिकत नाही. मालक दर आठवड्याला पॉइंट लावतो आणि पॉइंटच्या दर्जाला दोष देतो. खरा दोषी चार बोटे आत बसलेला असतो. तसेच जुन्या गाड्यांत विजेचा पुरवठा सहा व्होल्टच्या बॅटरीवर अवलंबून असतो. सावकाश चालताना दिवा लावताच गाडी अडखळत असेल, तर पॉइंट आणि कार्ब्युरेटर यांना हात लावण्यापूर्वी बॅटरी व डायनॅमो तपासावे.

प्लगच्या टोकाचा रंग ही निदानातली नाडीच म्हणावी लागेल. तोंड भाजलेल्या कॉफीच्या बीसारखे तपकिरी असेल, तर प्रकृती उत्तम. काळे आणि तेलकट असेल, तर पेट्रोल किंवा तेल जास्त. पांढुरके, राखेसारखे असेल, तर मिश्रणात पेट्रोल कमी आणि उष्णता जास्त. मात्र ही परीक्षा नीट केली पाहिजे. गाडी मोकळ्या रस्त्यावर पुऱ्या थ्रॉटलवर थोडा वेळ चालवून, त्याच स्थितीत क्लच दाबून इग्निशन बंद करावे आणि मग प्लग काढून पाहावा. गल्लीतून रांगत घरी आलेल्या गाडीचा प्लग गल्लीचीच हकिकत सांगतो, मोठ्या रस्त्याची नाही. शिवाय आजच्या पेट्रोलचा डाग पूर्वीपेक्षा फिका पडतो, हेही लक्षात ठेवावे.

दुसरी गोष्ट मिश्रणाची. मेकॅनिक ज्याला ‘रिच’ म्हणतात त्याला आपण दाट म्हणू, आणि ‘लीन’ म्हणतात त्याला विरळ म्हणू. दाट मिश्रणाची गाडी जड चालते, काळा धूर सोडते, तापल्यावर अधिकच बिघडते, आणि तिचा आवाज एका फेऱ्याआड स्फोट झाल्यासारखा तुटक येतो. विरळ मिश्रणाची गाडी थंड असताना चोकवाचून चालत नाही, मधूनच कार्ब्युरेटरमधून शिंकते, आणि तापल्यावर चढावर दम सोडते. तथापि यांत एक कपट आहे. मिश्रण किंचित विरळ झाले असता गाडी काही काळ नेहमीपेक्षा चपळ आणि हलकी चालते. मालक खूश होतो, आणि त्याच सुमारास आत पिस्टन तापून फुगत असतो. दाट मिश्रण प्लग खराब करते. विरळ मिश्रण इंजिन खराब करते. म्हणून शंका असेल तेव्हा चूक दाटपणाच्या बाजूला झालेली बरी.

कार्ब्युरेटरमधला दोष कोणत्या भागात आहे, हे थ्रॉटलच्या स्थितीवरून कळते. थ्रॉटल जवळजवळ बंद असताना पायलट जेट आणि हवेचा स्क्रू यांचे राज्य असते. मधल्या टप्प्यात वरखाली होणारी सुई काम करते. पूर्ण उघडल्यावर मेन जेटचा अंमल सुरू होतो. मुठीवर चिकटपट्टीचा तुकडा लावून पाव, अर्धा आणि पूर्ण अशा खुणा कराव्या, आणि गाडी नेमकी कोणत्या खुणेपाशी अडते ते पाहावे. पाव खुणेपाशी अडणाऱ्या गाडीचा मेन जेट बदलणे हे पायाच्या दुखण्याला डोक्यावर लेप घालण्यासारखे आहे.

आता या सर्व रीतीचा उपयोग कसा करावा हे एका नेहमीच्या तक्रारीवरून पाहू. गाडी घरून व्यवस्थित निघते, दहा-पंधरा मिनिटे उत्तम चालते आणि मग हळूहळू मरते. थोडा वेळ थांबले की पुन्हा सुरू होते. ही तक्रार इतकी सर्वसाधारण आहे की तिच्यावर प्रत्येकाजवळ तयार उत्तर असते. कोणी कॉइल सांगतो, कोणी कार्ब्युरेटर. वस्तुतः या एका लक्षणामागे निदान चार वेगळी कारणे असू शकतात, आणि ती ओळखण्याची संधी गाडी बंद पडल्यानंतर केवळ दोन-तीन मिनिटे मिळते. गाडी ढकलत गॅरेजपर्यंत नेली की ती थंड होते, आणि पुरावा नाहीसा होतो.

म्हणून तेथल्या तेथे, रस्त्याच्या कडेला उभे राहून, क्रमाने चार गोष्टी कराव्या. प्रथम इग्निशन बंद करून किक हाताने हलकेच दाबून पाहावी. ती नेहमीपेक्षा घट्ट लागली, तर पिस्टन तापून सिलेंडरला धरू लागला आहे. अशा वेळी जोर मुळीच करू नये, गाडी पूर्ण थंड होऊ द्यावी आणि विरळ मिश्रणाचे किंवा तेलाच्या कमतरतेचे कारण शोधावे. किक नेहमीसारखी असेल, तर पेट्रोलच्या टाकीचे झाकण उघडावे. सुस्कारा सोडल्यासारखा आवाज होऊन हवा आत गेली, आणि मिनिटभरात गाडी सुरू झाली, तर झाकणातले हवेचे छिद्र बुजले आहे. टाचणीच्या टोकाने होणारे हे काम. सुस्कारा आला नाही, तर कार्ब्युरेटरची फ्लोटची वाटी पाहावी. कॉक उघडा असून वाटी रिकामी असेल, तर कॉकच्या गाळणीत गंज किंवा कचरा साठला आहे. सावकाश झिरपणारे पेट्रोल सावकाश जाणाऱ्या गाडीला पुरते, वेगाला पुरत नाही. वाटी भरलेली असेल, तर शेवटी प्लग काढून, आधी सांगितलेली काळजी घेऊन, ठिणगी पाहावी. ती गेलेली किंवा क्षीण झालेली आढळली, तर उष्णतेने दगा देणारा कंडेन्सर किंवा कॉइल हा अपराधी. आणि त्यांतही कंडेन्सर स्वस्त आणि बदलण्यास सोपा, म्हणून त्याला आधी बदलून पाहावे. एका लक्षणाची चार कारणे पाच मिनिटांत वेगळी झाली, आणि त्यासाठी एकही नवा भाग विकत घ्यावा लागला नाही.

आता फुप्फुसाच्या रोगाकडे, म्हणजे क्रँककेसच्या गळतीकडे वळू. चार आघातांच्या इंजिनावर हात बसलेला मेकॅनिक या रोगापाशी बहुधा फसतो, कारण तेथे त्याला जोड नाही. क्रँकच्या दोन्ही टोकांना रबरी ऑइल सील असतात. जावा-येझदीत उजव्या बाजूला डायनॅमो आणि पॉइंट कोरड्या खोलीत असतात. डाव्या बाजूला क्लच आणि साखळी तेलात बुडालेली असते. दोन बाजूंच्या या फरकामुळे सील फाटल्याची लक्षणेही वेगवेगळी दिसतात. उजवा सील गेला तर क्रँककेस तेथून बाहेरची हवा ओढते, मिश्रण विरळ होते, आणि थ्रॉटल सोडले तरी इंजिनाचे फेरे खाली येत नाहीत. कधी कधी ते आपोआप चढू लागतात. डावा सील गेला तर क्रँककेस गिअरचे तेल ओढते. सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर निघतो, त्याला पेट्रोलमधल्या तेलाहून निराळा, उग्र वास येतो, आणि गिअरच्या तेलाची पातळी कारण नसता घटत जाते. पुष्कळदा या धुराला ‘रिंग गेली’ असे नाव देऊन सिलेंडर घासून आणला जातो. नवा पिस्टन बसतो, आणि धूर होता तसाच राहतो.

गळतीचा संशय पक्का कसा करावा? गाडी आळशी चालीवर ठेवून चोक थोडा लावावा. त्याने चाल सुधारली, तर मिश्रण विरळ आहे. मग कार्ब्युरेटरचा जोड, सिलेंडरचे बूड आणि क्रँककेसचे सांधे यांवर तेलाचे एकेक बोट फिरवावे. ज्या ठिकाणी तेल लागताच आवाज बदलतो, तेथे छिद्र आहे. या कामी पेट्रोल शिंपडण्याची काहींना सवय असते. तापलेल्या इंजिनावर ते करणे म्हणजे आगीला आमंत्रण होय. सीलची खात्रीलायक परीक्षा म्हणजे धुराची आणि कार्ब्युरेटरची तोंडे बंद करून आत हलका दाब भरणे, आणि तो टिकतो की उतरतो हे मापकावर पाहणे. साबणाच्या पाण्याचे बुडबुडे जागा दाखवून देतात. इंजिनाचे फेरे अनावर चढू लागले, तर तत्काळ इग्निशन बंद करावे. त्यानेही न थांबल्यास चोक पूर्ण लावावा.

तिसरी गोष्ट दाबाची, आणि तिच्याच जोडीला सायलेन्सरची. वेग उत्तरोत्तर मंदावत गेला, आवाज दबल्यासारखा झाला, पण गाडी एरवी सुरळीत सुरू होते, असे असेल तर सिलेंडर उघडण्याआधी धुराची वाट पाहावी. तेल जळून झालेली काजळी खिडकीच्या तोंडाशी आणि सायलेन्सरच्या आत थराथराने साठते. पुष्कळ जुन्या गाड्यांच्या सायलेन्सरची आतली नळी बाहेर काढून साफ करता येते. तरीही शक्ती आली नाही, तर दाब मोजावा. आणि येथे टू-स्ट्रोकची एक सोय उपयोगी पडते. धुराची नळी सोडवली की सिलेंडरच्या खिडकीतून पिस्टन उघड दिसतो. बॅटरीच्या उजेडात किक सावकाश दाबत गेले, तर पिस्टनवरचे ओरखडे आणि काजळीने अडकलेली रिंग ही हेड न उघडता पाहता येतात.

या सर्व विवेचनात स्थळाचा आणि काळाचाही हिशेब धरावा लागतो. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे वीस मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा जवळजवळ एकदशांशाने कमी असतो, म्हणून मुंबईत नीट लावलेल्या कार्ब्युरेटरचे मिश्रण बेंगळुरूत किंचित दाट होते. उलट, बेंगळुरूत बेताने लावलेली गाडी शिराडी घाट उतरून मंगळुरूला गेली की तिचे मिश्रण विरळ होते. शिवाय लांब उतारावर थ्रॉटल बंद ठेवून इंजिनाच्या जोरावर गाडी रोखली, तर चाक इंजिनाला फिरवीत असते पण पेट्रोल, आणि त्यासोबतचे तेल, आत जवळजवळ जात नाही. म्हणून उतारावर मधून मधून क्लच दाबून थ्रॉटल उघडावे. पूर्वीचे जाणते चालक हे सवयीनेच करीत.

काळाचा हिशेब पेट्रोलचा आहे. २०२५ पर्यंत देशात पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याची मजल गाठली गेली. इथेनॉलला जळण्यास पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते. म्हणून जुने जेट तसेच ठेवले तर हे मिश्रण विरळ पडते. उंचीमुळे येणारा दाटपणा आणि इथेनॉलमुळे येणारा विरळपणा यांत दुसऱ्याचे पारडे जड आहे. इथेनॉल हवेतील ओल शोषते, आणि जुने रबर व बूच यांना ते मानवत नाही. म्हणून महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत पेट्रोल साठवून ठेवू नये, आणि कॉक बंद करण्याची सवय लावून घ्यावी. रात्रभर उघडा राहिलेला कॉक आणि अडकलेला फ्लोट यांनी क्रँककेस पेट्रोलने भरते, आणि सकाळी किक दगडासारखी लागते.

तेलाच्या प्रमाणाविषयीही एक गैरसमज रूढ आहे. जुन्या जावाला पंचवीस भाग पेट्रोलला एक भाग तेल, असे साधारण प्रमाण सांगत. निरनिराळ्या गाड्यांचे प्रमाण निरनिराळे असते. भीतीपोटी कित्येकजण टू-टी ऑइल दुप्पट घालतात. त्याने धूर आणि काजळी तर वाढतेच. शिवाय त्याच जेटमधून जाणाऱ्या द्रवात तेल वाढले म्हणजे पेट्रोल तेवढे घटते, आणि मिश्रण उलट विरळ होते. रक्षणासाठी केलेला उपाय असा थोडासा घातच करतो.

या साऱ्याचे तात्पर्य तीन नियमांत सांगता येईल. जे तपासण्यास सोपे आणि स्वस्त, ते आधी तपासावे. एका वेळी एकच बदल करावा, आणि त्याचा परिणाम पाहिल्याखेरीज दुसरा करू नये. दोन बदल एकदम केले तर गाडी सुधारली तरी ज्ञान वाढत नाही. आणि जे केले ते तारखेनिशी एका वहीत लिहून ठेवावे. कोणता जेट, सुई कितव्या खाचेत, पॉइंटचे अंतर किती, प्लगचा रंग कसा, एवढ्या चार नोंदी ज्या गाडीपाशी आहेत, तिचे निम्मे निदान आधीच झालेले असते.

ही विद्या ग्रंथांत थोडी आणि कारागिरांच्या हातांत फार आहे. म्हैसूरचा कारखाना बंद पडला तेव्हा तेथून नुकता शिकून निघालेला तरुण कारागीरही आता उतारवयाकडे झुकला आहे. आवाज ऐकून सील ओळखणारा कान आणि किकवरून दाब जोखणारा पाय त्याच्याबरोबर गेला, तर सुटे भाग मिळूनही गाडी चालणार नाही. तेव्हा ज्यांच्यापाशी असे यंत्र आहे, त्यांनी ते अशा कारागिराकडे केवळ सोपवून येऊ नये. त्याच्याजवळ बसावे, तो कशावरून काय ओळखतो ते विचारावे, आणि सांगितलेले वहीत उतरवून घ्यावे. गाडी दुरुस्त होईल ती एकदाच. ते टिपण मात्र पुढच्या प्रत्येक दुखण्याला कामी येईल.